बेकन कसं रांधायचं: नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत

बेकन पहिल्यांदाच रांधणाऱ्यांचा क्रम बहुतेकदा ठरलेला असतो. तवा कडकडीत तापवायचा, त्यात तेल सोडायचं आणि मग पट्ट्या टाकायच्या. दोन मिनिटांत कडा काळ्या होतात, मधला भाग चिवट राहतो आणि स्वयंपाकघरात धूर कोंडतो. खरं तर बेकनला तेलही लागत नाही आणि तापलेला तवाही. त्याच्यात स्वतःची चरबी आहे, मीठ आहे आणि बहुधा धुरीचा वासही आहे. या तीन गोष्टी सावकाश बाहेर काढून बाकीच्या पदार्थात पोहोचवायच्या, एवढंच आपलं काम. म्हणून या लेखात कुरकुरीत पट्टीइतकंच, किंबहुना जास्तच, तव्यात उरणाऱ्या चरबीबद्दल बोलणार आहे.

पाकीट निवडताना

बेकन म्हणजे मीठ लावून मुरवलेलं डुकराचं मांस. पोटाच्या भागाच्या पट्ट्यांत मांस आणि चरबी यांचे आलटून पालटून थर दिसतात, त्याला स्ट्रीकी बेकन म्हणतात. अमेरिकेत नुसतं बेकन म्हटलं की हेच. ब्रिटनमध्ये पाठीच्या भागाचं बॅक बेकन जास्त चालतं. त्यात मांसाचा तुकडा मोठा आणि चरबी कडेला. इटलीचा पँचेटा पोटाचाच असतो, पण त्याला सहसा धुरी दिलेली नसते. ग्वान्चाले गालाच्या मांसाचा. शिकायची सुरुवात स्ट्रीकीपासून करावी, कारण चरबी भरपूर असल्याने ते चुका पोटात घालतं. बॅक बेकन जरा जास्त वेळ राहिलं की कोरडं पडतं.

पाकिटावरची घटकांची यादी वाचा. पाणी वरच्या क्रमांकावर असेल तर मांसात खारं पाणी भरून ते मुरवलेलं आहे. असं बेकन तव्यात पांढरा फेस सोडतं, तडतडतं आणि बरंच आक्रसतं. कोरडं मीठ चोळून मुरवलेलं महाग असतं, पण पाणी कमी सोडतं आणि लवकर खरपूस होतं. यादीत सोडियम नायट्राइट बहुधा दिसेलच. ते घातक जिवाणूंची, विशेषतः बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूची वाढ रोखतं आणि मांसाचा गुलाबी रंग टिकवतं. म्हणूनच शिजल्यावरही बेकन गुलाबीच दिसतं. रंगावरून ते कच्चं आहे की शिजलं हे ठरवू नका. काही पाकिटांवर 'नायट्राइट घातलेलं नाही' असं ठळक लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत सेलरी या भाजीची पावडर असते. त्या पावडरीतूनही नायट्राइटच मिळतं, तेव्हा फक्त त्या ओळीसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

धुरी दिली म्हणजे मांस शिजलं, असंही नाही. पाकिटावर 'शिजवलेलं' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर बेकन कच्चं समजूनच वागवा. कच्च्या बेकनला लागलेला चिमटा, सुरी आणि पाट धुतल्याशिवाय दुसऱ्या कशाला लावू नका. बेकन मात्र धुऊ नका. पाण्याने ते फक्त जास्त उडतं.

जाडीचं गणित सोपं आहे. नेहमीची पट्टी साधारण दीड मिलिमीटर जाड असते. अंड्यांसोबत, सँडविचमध्ये किंवा कशाभोवती गुंडाळायला ती बरी. जाड पट्टी तीन मिलिमीटरच्या आसपास असते. तिचे तुकडे करून सूप, पास्ता, रस्सा यांत घालावेत. टर्कीचं बेकन घेणार असाल तर त्यात चरबी फार कमी असते, एवढं लक्षात असू द्या. ते तळताना चमचाभर तेल घालावं लागतं आणि पुढे चरबीवर अवलंबून असलेल्या पाककृती त्याच्याने होणार नाहीत.

तव्यावर

जाड बुडाचा, कड असलेला पॅन किंवा बिडाचा खोलगट तवा घ्या. पट्ट्या फ्रिजमधून दहा मिनिटं आधी काढून ठेवल्या तर एकमेकींपासून न फाटता सुटतात.

१. गॅस न पेटवता पट्ट्या थंड तव्यात शेजारी शेजारी मांडा. एकीवर एक चढू देऊ नका. मावत नसतील तर दोन घाण्यांत करा.

२. आता मंद ते मध्यम आच लावा आणि दोन-तीन मिनिटं हात लावू नका. सुरुवातीला काहीच घडत नाहीसं वाटतं. मग दुधी पांढरी चरबी हळूहळू काचेसारखी पारदर्शक होते आणि तव्यात पातळ चरबी साचू लागते. आच मोठी करायचा मोह इथेच होतो. तो टाळा, कारण चरबी वितळायच्या आत मांस करपलं तर पुढे काहीच उपाय उरत नाही.

३. कडा वर वळायला लागल्या की चिमट्याने पट्ट्या उलटा. मांसाचा भाग चरबीपेक्षा वेगळ्या गतीने आक्रसतो म्हणून त्या वाकतात. फार वाकल्या तर उलथन्याने हलकेच दाबून धरा. यानंतर दर मिनिटाला उलटत राहा.

४. आता कान द्या. मोठी तडतड म्हणजे पाणी अजून बाहेर पडतंय. आवाज बारीक झाला, चरबीवर बारीक बुडबुड्यांचा फेस चढला आणि पट्टी तांबूस दिसू लागली की ती होत आली. नेहमीच्या जाडीला इथवर आठ ते बारा मिनिटं लागतात.

५. हवी त्यापेक्षा किंचित मऊ असतानाच काढा आणि टिशू पेपरवर ठेवा. तव्याबाहेर आल्यावर एक-दोन मिनिटांत ती आणखी कडक होते. तव्यातच पूर्ण कुरकुरीत होण्याची वाट पाहिली तर ताटात येईपर्यंत कडू लागते.

पाणी जास्त असलेलं बेकन असेल तर एक युक्ती उपयोगी पडते. थंड तव्यात पट्ट्या बुडतील न बुडतील इतकं पाणी घालून सुरुवात करा. पाणी उकळून आटेपर्यंत चरबी सावकाश वितळते, आणि पाणी संपलं की त्याच चरबीत पट्ट्या तळल्या जातात. वेळ थोडा जास्त लागतो, पण करपण्याची भीती राहत नाही. साखर किंवा मेपल सिरप लावून मुरवलेल्या बेकनला मात्र शेवटच्या दोन मिनिटांत डोळ्यांआड करू नका. साखर फार पटकन काळी होते.

चार माणसांसाठी ओव्हनच बरा

सहापेक्षा जास्त पट्ट्या करायच्या असतील तर मी तव्याच्या भानगडीत पडत नाही. कड असलेल्या ट्रेमध्ये बटर पेपर घाला, पट्ट्या एका थरात मांडा आणि २०० अंश सेल्सिअसला ठेवा. नेहमीच्या जाडीला १५ ते २० मिनिटं, जाड पट्ट्यांना २५ पर्यंत. बाराव्या मिनिटापासून डोकावत राहा, कारण प्रत्येक ओव्हनचा स्वभाव वेगळा. पट्ट्या सपाट राहतात आणि सगळ्या एकाच वेळी होतात. ट्रे काढताना जपा. तळाला उकळती चरबी असते आणि ट्रे जरासा जरी कलला तरी ती मनगटावर येते. जाळी वापरावी असं पुष्कळजण सांगतात. जाळीवर पट्ट्या कोरड्या होतात खऱ्या, पण स्वतःच्या चरबीत तळल्या गेलेल्या पट्टीची चव त्यांना नसते, आणि ती जाळी घासणं ही वेगळीच शिक्षा.

मायक्रोवेव्हमध्येही होतं: टिशू पेपरच्या दोन थरांमध्ये पट्ट्या ठेवून पट्टीमागे साधारण एक मिनिट. एकट्यापुरत्या दोन पट्ट्यांना ठीक आहे. चरबी मात्र कागदात जाते, म्हणून मला ते पटत नाही.

चरबी: फेकायची नाही, नळात तर मुळीच नाही

चार पट्ट्यांतून साधारण दोन टेबलस्पून चरबी निघते. बेकन किती चरबीचं आहे त्यावर थोडं कमी-जास्त. गरम असताना ती पातळ दिसते म्हणून सिंकमध्ये ओतली, तर आत जाऊन थिजते आणि नळी तुंबते. दोन-चार मिनिटं निवू द्या आणि बारीक गाळणीतून काचेच्या बरणीत गाळा. अगदी उकळती ओतली तर काच तडकते. गाळायचं कारण म्हणजे तळाचे काळे कण. ते राहिले तर चरबी लवकर खवट होते. फ्रिजमध्ये ही हस्तिदंती रंगाची चरबी दोन-तीन महिने चांगली राहते. वास बदलला की टाकून द्या.

ही चरबी फोडणीच्या तेलासारखी वापरायची: थोडीच, सुरुवातीला, आणि पुढचं सगळं तिच्यात. कांदा, लसूण, बटाटे, कोबी, मका, उरलेला भात, सगळ्याला ती चालते. तिच्यात मीठ आणि धुरीचा वास आधीच आहे, त्यामुळे पदार्थात मीठ नेहमी शेवटी आणि चव घेऊनच घाला. बेकनच्या स्वयंपाकातला एकच नियम पाठ करायचा असेल तर हा करा.

कधी चरबीने पेट घेतलाच तर पाणी ओतू नका, पेटता तवा उचलून पळूही नका. गॅस बंद करा, घट्ट झाकण ठेवा आणि तवा पूर्ण थंड होईपर्यंत ते काढू नका.

सकाळी

अंडी आणि बेकन एकाच तव्यात, पण एकाच वेळी नाही. पट्ट्या काढून घ्या, तव्यात टेबलस्पूनभर चरबी ठेवून बाकीची बरणीत ओता, आच मंद करा आणि अंडी फोडा. चमच्याने कडेची गरम चरबी पांढऱ्या भागावर शिंपडत राहिलात तर अंडं न उलटता वरून शिजतं आणि पिवळा बलक पातळ राहतो. मिरपूड आत्ताच घाला; मीठ पहिल्या घासानंतर, लागलंच तर.

ऑम्लेटमध्ये बेकन घालायचं तर आधी कुरकुरीत करून चुरा करा आणि घडी घालायच्या क्षणी आत टाका. कच्चे तुकडे अंड्यात मिसळले तर अंडं होऊन जातं आणि बेकन मऊ, फिकट राहतं. पॅनकेकसोबत द्यायचं असेल तर ओव्हनमधली पट्टी घ्या आणि तिच्यावरही सिरपचा थेंब पडू द्या. खारट-गोड जमतं.

दुपारी

बेकन, लेट्यूस आणि टोमॅटोचं सँडविच म्हणजे बीएलटी. करायला सोपं, म्हणूनच बिघडायलाही. पाव भाजलेला हवा. दोन्ही आतल्या बाजूंना मेयोनीज अगदी कडेपर्यंत लावा, म्हणजे टोमॅटोचं पाणी पावात शिरत नाही. टोमॅटोचे काप जाडसर करून टिशूवर टिपून घ्या आणि त्यांच्यावर चिमूटभर मीठ घाला. बेकन खारट असलं तरी टोमॅटोला स्वतःचं मीठ लागतं. पट्ट्या अर्ध्या मोडून दोन आडव्या, दोन उभ्या अशा ठेवा. नाहीतर पहिल्याच घासाला अख्खी पट्टी बाहेर ओढली जाते आणि उरतं टोमॅटो-सँडविच.

पालकाचं कोमट सॅलड मात्र एकदा करूनच बघा, कारण चरबीचा खरा उपयोग तिथे कळतो. दोन माणसांना १५० ग्रॅम कोवळा पालक धुऊन पूर्ण कोरडा करा आणि फ्रिजबाहेर ठेवा. थंडगार पानांवर गरम चरबी पडली की ती लगेच थिजते आणि जिभेवर मेणचट लागते. चार पट्ट्यांचे तुकडे करून थंड तव्यापासून कुरकुरीत करा आणि काढून घ्या. दोन टेबलस्पून चरबी तव्यात राहू द्या, तिच्यात एक छोटा बारीक चिरलेला कांदा दोन मिनिटं परता. आता गॅस बंद करा, क्षणभर थांबा आणि मग दोन टेबलस्पून व्हिनेगर घाला. पेटत्या गॅसवर घातलं तर ते अंगावर उडतं आणि वाफ थेट डोळ्यांत जाते. एक चमचा मोहरीची पेस्ट आणि एक चमचा साखर घालून तळाला चिकटलेलं सगळं खरवडत ढवळा. ड्रेसिंग गरम असतानाच पालकावर ओता, दोन चमच्यांनी भराभर उलटसुलट करा. पानं नुसती मान टाकतील इतपतच मऊ व्हायला हवीत. वर बेकन आणि उकडलेलं अंडं. लगेच खायला बसा. पाच मिनिटांनी त्यात मजा राहत नाही.

सूप करायचं असेल तर त्याच भांड्यात सुरुवात करा: बेकनचे तुकडे कुरकुरीत करून बाजूला, चरबीत कांदा, सेलरी, गाजर, मग बटाटे किंवा मका, मग पाणी किंवा स्टॉक. बाजूला काढलेले तुकडे वाढताना वरून. सूपमध्ये उकळत ठेवलेलं बेकन मऊ पडतं. धुरीचा वास आतपर्यंत हवा असेल तर एखादा जाड तुकडा मुद्दाम सूपमध्येच सोडा आणि शेवटी काढून टाका. मसूर, राजमा, पांढरे घेवडे यांच्या सुपालाही हेच.

रात्री

कार्बोनारा पास्ता हा इटलीतल्या रोमचा पदार्थ. तिथे त्यात ग्वान्चाले आणि पेकोरिनो चीज घालतात आणि क्रीम अजिबात नाही. बेकन घातलं की धुरीची चव येते, पदार्थ जरा वेगळा होतो, पण वाईट होत नाही. दोघांसाठी २०० ग्रॅम स्पॅगेटी, १०० ग्रॅम जाड बेकन, एक अख्खं अंडं आणि दोन बलक, ५० ग्रॅम किसलेलं पेकोरिनो किंवा पार्मेझान, आणि ताजी कुटलेली मिरी, वाटते त्यापेक्षा जास्त.

पास्त्याच्या पाण्यात नेहमीपेक्षा निम्मंच मीठ घाला, कारण बेकन आणि चीज दोन्ही खारट आहेत. पास्ता शिजेपर्यंत बेकनचे तुकडे मंद आचेवर चरबी सोडू द्या. बाहेरून खरपूस, आतून जरा चिवट राहिले तर उत्तम. अंडी, चीज आणि मिरी वाडग्यात फेटून घट्टसर करा. पास्त्याचं कपभर पाणी बाजूला काढा, पास्ता निथळून थेट बेकनच्या तव्यात टाका, मिनिटभर परता आणि गॅस बंद करा. इथे अर्धा मिनिट काहीही करू नका. अंडं ७० अंशांच्या आसपास गोळा होऊ लागतं, आणि तडतडत्या तव्यात ओतलं तर पास्त्याला अंडाभुर्जी चिकटलेली मिळते. तडतड थांबली की अंड्याचं मिश्रण ओता आणि एकीकडे काढून ठेवलेलं पाणी चमचा चमचा घालत जोरात ढवळत राहा. पाण्यातला स्टार्च, चरबी आणि अंडं मिळून चकचकीत, दाटसर सॉस होतो. फार घट्ट वाटला तर आणखी पाणी. पातळ वाटला तर अगदी मंद आचेवर काही सेकंद.

फ्रान्समधले कॉक ओ व्हँ आणि बफ बुर्गिन्योँ हे वाइनमधले रस्से बेकनच्या बोटभर तुकड्यांपासून सुरू होतात; तिथे त्यांना लार्दों म्हणतात. तुकडे खरपूस करून काढायचे आणि त्याच चरबीत कोंबडी किंवा बीफ लाल करून घ्यायचं. बेकन फार खारट किंवा फार धुरकट असेल तर तुकडे आधी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून निथळून घ्या. कित्येक तास शिजणाऱ्या रश्शात धुरीचा वास वाढत जातो आणि वाइनला दाबून टाकतो.

गुंडाळायचे पदार्थ पाहुण्यांसमोर छान दिसतात. बिया काढलेल्या खजुराभोवती अर्धी पातळ पट्टी, शिवणीची बाजू खाली, २०० अंशांवर २० ते २५ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. चिकन ब्रेस्टलाही असंच गुंडाळता येतं, पण चिकन आतून ७४ अंशांना पोहोचलंच पाहिजे. पट्ट्या आधी तव्यात तीन-चार मिनिटं, मऊ असतानाच काढून घेतल्या, तर बेकन आणि चिकन एकाच वेळी तयार होतात. जाड पट्टी इथे घेऊ नका. ती आतल्या बाजूला कच्चीच राहते.

भाज्यांना फार सांगावं लागत नाही. कोबी, फरसबी किंवा ब्रसेल्स स्प्राउट्स बेकनच्या चरबीत मोठ्या आचेवर परता, शेवटी व्हिनेगर किंवा लिंबू पिळा, वर चुरा. आंबट काहीतरी हवंच, नाहीतर तोंड तेलकट होतं.

किती आणि किती दिवस

शिजलेल्या एका पट्टीत साधारण १५० ते २०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते. याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत टाकलं. रोज ५० ग्रॅम खाण्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणूनही मला बेकन ढीगभर पट्ट्यांपेक्षा चवीपुरतं आवडतं. चार माणसांच्या सुपाला तीन पट्ट्या पुरतात.

उघडलेलं पाकीट घट्ट बंद करून फ्रिजमध्ये चार अंश किंवा त्याहून कमी तापमानाला ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. चिकट थर, हिरवट छटा किंवा आंबट वास आला तर सरळ टाकून द्या. शिजवलेलं बेकन चार दिवस राहतं. पुन्हा गरम करायला कोरड्या तव्यावर मंद आचेवर एक मिनिट पुरे. आठवड्यात संपणार नसेल तर कच्च्या पट्ट्या बटर पेपरवर सुट्या मांडून, कागदासकट गुंडाळी करून फ्रीझरमध्ये टाका. महिनाभर चव चांगली राहते, हवी तेव्हा एकेक पट्टी सोडवून घेता येते, आणि गोठलेली पट्टी थंड तव्यात तशीच ठेवली तरी चालते. तुकडे करायचे असतील तर अर्धवट गोठलेली असतानाच करा. सुरी घसरत नाही.